बाळापूरची लढाई आणि मागे राहिलेल्या बायका

कामं आटोपली असतील तर निवांत बसा, नसतील आटोपली तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. मागच्या वेळी मी अचलपूरच्या हौज कटोऱ्याबद्दल बोलले. त्यावर बाळापूरकडच्या एका मावशींनी निरोप पाठवला की, बाई, आमच्या इथं एवढा मोठा किल्ला आहे, एवढी मोठी लढाई झाली म्हणतात, आणि तुम्ही आमचं नावही घेत नाही. मावशींचा रुसवा रास्त आहे. म्हणून आज बाळापूर.

अकोल्याहून खामगावकडे निघालं की वाटेत बाळापूर लागतं. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर हे गाव वसलंय. शाळेत आपण इराककडच्या दोन नद्यांमधल्या प्रदेशाचा धडा पाठ केला, तिथल्या जुन्या शहरांची नावं घोकली. आपल्या दारातलं हे दोन नद्यांचं शहर मात्र धड्यात नव्हतं. किल्ल्याच्या पायथ्याशी बालादेवीचं देऊळ आहे. तिच्यावरूनच गावाला बाळापूर नाव पडलं असं सांगतात. माझ्या सासूबाई तिथं ओटी भरायला जायच्या आणि परत येताना नदीतले दोन-चार रंगीत खडे पदरात घेऊन यायच्या. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. पुढे वाचनात आलं की अकबर बादशहाच्या काळी अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती लिहिली, त्यात बाळापूरजवळच्या दोन नद्यांच्या काठी सुंदर दगड सापडतात आणि लोक ते कापून हौसेने जपून ठेवतात, असं नमूद केलेलं आहे. म्हणजे सासूबाईंची हौस चारशे वर्षं जुनी निघाली!

त्याच पुस्तकात असंही आहे की बाळापूरपासून सहा कोसांवर अकबराचा मुलगा शहाजादा मुराद याचा तळ होता, त्या तळाचंच शहापूर नावाचं शहर झालं. हा मुराद १५९९ मध्ये पूर्णेच्या काठी वारला. नदीकाठाला काळ्या दगडाची देखणी छत्री आहे, ती मिर्झाराजे जयसिंगांची म्हणतात. शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह केला तेच हे जयसिंग. तर दिल्लीहून दक्षिणेत येणाऱ्या मोठमोठ्यांच्या वाटेवर हे गाव होतं. सतरंज्या विणणारे, कापड करणारे, कागद करणारे असे कारागीर इथे नांदत होते. अशा गावावरून फौजा जातात तेव्हा गावाचं काय होतं, ते पुढे येईलच.

आता लढाई. तारीख १० ऑगस्ट १७२०. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, पन्नाशीला टेकलेला, औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला सरदार. दुसऱ्या बाजूला आलम अलीखान, विशीतला पोरगा. याचा चुलता सय्यद हुसेन अली. हुसेन अली आणि त्याचा भाऊ अब्दुल्ला, हे सय्यद बंधू त्या वेळी दिल्लीत बादशहा बसवत होते आणि उतरवत होते. हुसेन अली दक्षिणेचा सुभेदार, पण तो दिल्लीत असल्यामुळे औरंगाबादेत त्याच्या जागी हा पुतण्या कारभार बघत होता.

तुम्ही म्हणाल, मोगलांच्या भाऊबंदकीशी आपलं काय देणंघेणं? देणंघेणं होतं, आणि ते एका बाईच्या सुटकेपासून सुरू होतं.

येसूबाई माहीत आहेत ना? संभाजी महाराजांच्या पत्नी. १६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा त्या लहानग्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहू १७०७ मध्ये सुटले, पण आई ओलीस राहिली. मुलगा साताऱ्याला छत्रपती आणि आई दिल्लीला नजरकैदेत, अशी बारा वर्षं गेली. शेवटी सय्यद हुसेन अलीला दिल्लीच्या राजकारणात मराठ्यांच्या फौजेची गरज पडली आणि बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी त्याच्याशी करार केला. मराठी फौज दिल्लीला गेली. तिथे दंगल होऊन दीड-दोन हजार मराठे गल्लीबोळांत मारले गेले. पण १७१९ मध्ये येसूबाई परत आल्या. रायगड सोडल्याला तोवर तीस वर्षं होत आली होती. तरुण बाई गेली होती, म्हातारी परतली.

त्या करारात येसूबाईंच्या सुटकेबरोबर दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी होती. सहा सुभ्यांत आपला वऱ्हाडही होता. बदल्यात मराठ्यांनी दक्षिणेच्या सुभेदाराच्या मदतीला पंधरा हजार घोडेस्वार द्यायचे होते. म्हणून १७२० मध्ये निजाम सय्यदांवर उलटला, तेव्हा खंडेराव दाभाडे, संताजी शिंदे, शंकराजी मल्हार, दमाजी गायकवाड ही माणसं आलम अलीच्या बाजूने उभी राहिली. ज्या कराराने आई घरी आली, तो करार टिकवायचा होता. तो घडवणारे बाळाजी विश्वनाथ त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले आणि त्यांचा मुलगा बाजीराव वयाच्या विसाव्या वर्षात पेशवा झाला.

पण सगळे मराठे एका बाजूला होते असं समजू नका. रंभाजी निंबाळकर निजामाकडून लढत होता. त्या काळी जहागिरी ज्या बाजूला, तलवार त्या बाजूला, असाच हिशोब होता.

निजाम माळव्यात होता. मे महिन्यात तो नर्मदा उतरून दक्षिणेत आला. आशीरगडचा बेलाग किल्ला त्याने लढाईवाचून घेतला, मग बऱ्हाणपूर घेतलं. आणि बऱ्हाणपुरात एक प्रसंग घडला. हुसेन अलीचा भाऊ सैफुद्दीन अलीखान, त्याची आई आणि मुलंबाळं दिल्लीला जायला निघाली होती, ती नेमकी तिथे अडकली. शत्रूच्या घरच्या बायका, लेकरं आणि जडजवाहीर, सगळं आयतं हाती आलं. म्हातारीने निरोप पाठवला की दागिने घ्या, पण आमची अब्रू राखा. निजामाने दागिने परत केले, मुलांसाठी फळं पाठवली आणि दोनशे स्वार सोबत देऊन त्यांना नर्मदेपर्यंत पोचवलं.

हे लिहून ठेवलंय खाफीखान नावाच्या इतिहासकाराने. तो निजामाच्या पदरचा माणूस, त्यामुळे मालकाचं कौतुक तो हात राखून करत नाही, हे धरून चला. तरी मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते निजामाचं मोठेपण नाही. ती म्हातारी डोळ्यांपुढे येते. मुलगा दूर, नातवंडं पदराशी, दाराबाहेर शत्रूची फौज. अशा वेळी हातात काय आहे याचा हिशोब करून तिने बोलणी केली. तलवार तिच्याकडे नव्हती, दागिने होते. तेच तिने पुढे केले. तिचं नाव मात्र इतिहासात उतरलेलं नाही. सैफुद्दीनची आई, एवढंच.

जूनमध्ये निजामाने उत्तरेकडून चालून आलेल्या दिलावर अलीखानाला खंडव्याजवळ मारलं आणि मग तो दक्षिणेकडे वळला. आलम अली औरंगाबादहून घाट उतरून त्याच्या वाटेवर येऊन बसला होता. मध्ये पूर्णा. आणि दिवस आखाडाचे.

पूर्णा आपल्याला काय सांगायची? उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून बैलगाडी जाते आणि पुराची भरली की काठची शेतं पोटात घेते. निजामाची फौज पलीकडच्या काठाला अडकून पडली. शेवटी वऱ्हाडचा सुभेदार एवजखान, जो निजामाचाच नातलग होता, त्याने इथल्या जमीनदारांना हाताशी धरून वरच्या अंगाला, वऱ्हाडच्या बाजूला, एक उतार शोधून काढला. उतार म्हणजे नदी जिथून चालत ओलांडता येते ती जागा. नदीकाठच्या मैत्रिणींना हे सांगायला नको. कुठल्या डोहाला किती पाणी, कुठे खालून खडक आहे आणि कुठे पाय रुततो, हे गावच्या ढोरक्याला जेवढं कळतं तेवढं कुठल्या सरदाराला कळणार? अशा त्या उताराने आख्खी फौज अलीकडे आली आणि आलम अली ज्या वाटेवर बसला होता ती वाट तशीच बाजूला राहिली.

पण नदी ओलांडली म्हणजे सुटले असं नाही. पुढे होती आपली काळी माती. तिचा गारा कसा असतो, ते पऱ्हाटी निंदायला गेलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. एकदा पाऊल रुतलं की चप्पल मातीतच राहते. त्यात हत्ती, तोफा आणि सामानाचे गाडे. पाऊस थांबेना. भोवती मराठ्यांचे घोडेस्वार घिरट्या घालत होते, त्यामुळे छावणीत दाणावैरण येईना. जनावरांना झाडपाला घालायची पाळी आली, त्यातली कितीतरी मेली. रुपयाला पीठ जेमतेम शेर-दोन शेर मिळू लागलं. पुष्कळ शिपाई पळून गेले. शेगाव परिसरातल्या त्या मुक्कामात रमजानचा महिना चालू होता. दिवसभर उपास, संध्याकाळी सोडायला भाकर नाही, आणि निजायला चिखल.

इथे थोडं थांबते. बहुतेक पुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकतात, कारण सगळ्यांना तोफा कधी सुटतात याची घाई असते. पण रुपयाला शेरभर पीठ हा भाव छावणीत असेल, तर आसपासच्या गावांत काय असेल? फौजेचे बैल कुणाच्या शेतात चरले? आषाढात पेरलेली कोवळी ज्वारी हजारो घोड्यांच्या टापांखाली गेली, ती कुणाची होती? कणगी कुणाची रिकामी झाली? दोन्ही फौजा वऱ्हाडाच्या धान्यावर जगत होत्या आणि त्या धान्याचं जातं फिरवणारे हात बायांचेच असणार. एवढं म्हणायला कुणा खाफीखानाची साक्ष लागत नाही.

आलम अलीला मराठ्यांनी सल्ला दिला होता की समोरासमोर लढू नका. औरंगाबादेला किंवा अहमदनगरला मागे जा, हुसेन अली दिल्लीहून मोठी फौज घेऊन येईपर्यंत थांबा, तोवर आम्ही निजामाला उपाशी मारतो. सल्ला शंभर नंबरी होता. चिखल आणि भूक दोन्ही त्यांच्या बाजूने लढत होते. पण पोरगं विशीतलं. मागे हटणं म्हणजे बदनामी, असं त्याच्या मनाने घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने या वयाच्या मुलाला चार शब्द सुनावले असते, पण रणावर ते कोण सुनावणार!

ईद होऊन चार-पाच दिवस झाले होते, श्रावण नुकताच लागला होता. बाळापूरपासून दोन-तीन कोसांवर दोन्ही फौजा भिडल्या. निजामाने तोफखाना झाडाझुडपांच्या आडोशाला लपवून ठेवला होता. त्याची पुढची तुकडी थोडी लढली आणि हरल्यासारखं दाखवत मागे सरकली. आलम अलीची माणसं जोशात पाठीवर गेली आणि थेट तोफांच्या तोंडाशी आली. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. माणसं पडली, उरलेली पांगली. शंकराजी मल्हार जखमी होऊन पकडला गेला. दमाजी गायकवाड मात्र त्या दिवशी असा लढला की शाहू महाराजांनी पुढे त्याला ‘समशेर बहादूर’ हा किताब दिला. बडोद्याच्या गायकवाडांच्या घराण्याचं नाव पुढे आलं ते बाळापूरच्या या चिखलातून, हे बडोद्याला किती जणांना माहीत असेल?

आलम अली हत्तीवर होता. अंगभर जखमा. जवळचे बाण संपले, तेव्हा स्वतःच्या अंगात आणि हौद्यात रुतलेले बाण उपसून तो तेच परत मारत राहिला. जखमांनी बेजार झालेल्या हत्तीने पाठ फिरवली, तर हा उलटा वळून, शत्रूकडे तोंड करून, ओरडून सांगू लागला की हत्ती फिरलाय, मी नाही. हे लिहिणारा शत्रूच्याच पदरचा, म्हणून मी ते खरं मानते. शेवटी तो तिथेच मारला गेला.

आता औरंगाबादेकडे चला, कारण माझ्या मते लढाईचा खरा शेवट तिथे आहे. बातमी पोचली, तेव्हा हुसेन अलीच्या आणि आलम अलीच्या घरच्या बायका तिथेच होत्या. राखणदार पुरुष बाळापुरात पडलेले. निजाम कधीही दारात येणार. त्या वेळी दौलताबादच्या किल्लेदाराने त्यांना मालमत्तेसकट किल्ल्यात घेतलं. गंमत बघा, हा किल्लेदार सय्यदांवर नाराज होता. त्यांनी त्याची जहागीर कमी केली होती. बदला घ्यायचा तर हीच वेळ होती. त्याने दरवाजा उघडला. खाफीखानाच्या मजकुरात आलम अलीच्या बाणांना जागा मिळाली, या दरवाज्याला दोन ओळी मिळाल्या. मला विचाराल तर त्या दोन ओळी जास्त मोलाच्या आहेत.

बाळापूरनंतर गोष्टी भराभर घडल्या. दोन महिने होतात न होतात तोच, पुतण्याचा सूड घ्यायला बादशहाला घेऊन दक्षिणेकडे निघालेला हुसेन अली वाटेतच कटात मारला गेला. नोव्हेंबरात दुसरा भाऊ अब्दुल्ला हरून कैद झाला. बादशहा घडवणारे सय्यद एका पावसाळ्यात संपले. निजाम दिल्लीचा वजीर झाला, तिथे रमेना, परत आला. ऑक्टोबर १७२४ मध्ये आपल्याच बुलढाण्यातल्या साखरखेर्ड्याला त्याने मुबारिजखानाला मारलं आणि त्या गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. हैदराबादचं निजामाचं राज्य तिथून धरतात. म्हणजे हैदराबादच्या राज्याची पायाभरणी गोवळकोंड्याला नाही, वऱ्हाडात झाली. बाजीराव आणि निजाम पुढे समोरासमोर आले ते १७२८ मध्ये पालखेडला, आणि तिथे बाजीरावाने निजामाला दाण्यापाण्यावाचून कोंडून तहाला आणलं. बाळापूरला मराठ्यांनी जो सल्ला दिला होता, तोच डाव म्हणायचा.

वऱ्हाडच्या वाट्याला काय आलं? दुहेरी राज्य. सुभा निजामाचा आणि चौथाई मराठ्यांची, पुढे नागपूरकर भोसल्यांची. एका शेतावर दोन सरकारांचे कारकून. १८०३ मध्ये आडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडावा लागला. मग १८५३ मध्ये निजामाने कर्जापायी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. नावाला मालक निजाम, कारभार इंग्रजांचा. १९३६ पासून तर निजामाचा मुलगा ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिरवत होता, आणि वऱ्हाडात त्याची सत्ता कवडीची नव्हती.

जाता जाता किल्ल्याबद्दल सांगितलं नाही, तर मावशी पुन्हा रागावतील. आज दिसतो तो बाळापूरचा किल्ला या लढाईच्या वेळचा नाही. तो अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केला. काही माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं की औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने १७२१ मध्ये बांधकाम सुरू केलं. आझमशहा १७०७ मध्येच लढाईत मारला गेला होता, तेव्हा चौदा वर्षांनी तो किल्ला कुठून बांधायला येणार? मुलांना वहीत हे उतरवून घेऊ देऊ नका. बांधकाम मात्र बघण्यासारखं आहे. उंच बुरूज, पक्क्या विटांचं काम, एकात एक दरवाजे. पावसाळ्यात नद्या भरल्या की किल्ल्याला जवळजवळ सगळीकडून पाण्याचा वेढा पडतो.

हा भाग तयार करताना मी त्या मावशींना फोन केला होता. त्यांचं माहेर पूर्णाकाठचं. विचारलं, तुमच्या गावाला उतार होता का? म्हणाल्या, “होता ना बाई! माह्या लग्नाचं वऱ्हाड त्याच उतारानं आलतं. आता तिथं पूल झाला.”